मदत हवी आहे: स्टार वॉर्समध्ये जुना कँटीना प्रसंग बसवतोय, ओठ आणि आवाज जुळत नाहीत

रीळवेडा:
पहिला स्टार वॉर्स १९७७ मध्ये थिएटरात दिसला तसा, स्वतःपुरता जुळवतोय. पाया ब्लू-रेचा, १९९७ च्या स्पेशल एडिशनपासून (दिग्दर्शकाने स्वतः फेरफार केलेली आवृत्ती) बदललेले प्रसंग डीव्हीडीवरून घेतोय. टोळीप्रमुख जब्बाचा तेव्हा नव्याने घातलेला प्रसंग उडवला, ते सोपं होतं. कँटीनात, म्हणजे दारूच्या गुत्त्यातल्या प्रसंगात अडकलोय. तस्कर हान आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो बोलायला लागतात तेव्हा सगळं बरोबर असतं, पण हान गोळी झाडेपर्यंत आवाज मागे पडतो. क्लिप पुढेमागे सरकवण्यात चार रात्री गेल्या. लवकर सांगा.

कातरकाम:
डीव्हीडी कुठली? आवाज कशातला घेतलाय? फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम्स)? सॉफ्टवेअर?

रीळवेडा:
२००६ ची, जादा डिस्कवर मूळ आवृत्ती आहे तीच. दुसरी कुठली असणार? चित्र तिचं, आवाज सध्या ब्लू-रेचा. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह वापरतो.

चंदेरी:
आधी एआय अपस्केल करून घ्या, म्हणजे एआयने चित्राचं रिझोल्यूशन वाढवा. मी सगळ्या जुन्या डीव्हीडींना तेच करतो, चित्र लख्ख होतं.

कातरकाम:
चंदेरी, अपस्केल करून ओठ जुळत नसतात. रीळवेडा, क्लिप किती लांबीची आणि शेवटी फरक किती सेकंदांचा?

जुनाप्रोजेक्टर:
एवढा खटाटोप कशाला? चाहत्यांनी ३५ मिमी प्रिंट स्कॅन करून ४के७७ कधीच बनवलंय. तुमची ती डीव्हीडी १९९३ च्या लेसरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) केलेल्या मूळ टेपवरून काढलेली, वर-खाली काळ्या पट्ट्या. तिच्यातून काय मिळणार?

रीळवेडा:
मला स्वतः करायचंय. क्लिप दीड मिनिटाची, फरक साडेतीन सेकंदांच्या आसपास.

पडदानशीन:
मुळात दिग्दर्शकाला त्याचा सिनेमा बदलायचा हक्क आहे. आपण कोण परत उलटवणारे?

जुनाप्रोजेक्टर:
याच दिग्दर्शकाने, जॉर्ज लुकासने, १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जाऊन जुन्या सिनेमांत फेरफार करण्याविरुद्ध साक्ष दिली होती. आणि १९८९ मध्ये हा सिनेमा नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत (जतन करायच्या अमेरिकी सिनेमांची यादी) गेला तेव्हा स्पेशल एडिशन जन्मलीही नव्हती.

पडदानशीन:
ती साक्ष दुसऱ्यांनी केलेल्या बदलांबद्दल होती. स्वतःच्या कामाचं वेगळं.

सबटायटलप्रेमी:
मराठी सबटायटल्स लावणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

कातरकाम:
नव्वद सेकंदांत साडेतीन म्हणजे चार टक्के. तुमची डिस्क पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) आहे, हे आधी सांगायला हवं होतं. पालसाठी सिनेमा सेकंदाला २५ फ्रेम्सनी पळवतात, ब्लू-रे २३.९७६ चा. चित्र आधी संपतं, म्हणून आवाज मागे राहिल्यासारखा वाटतो. सरकवून कधीच जुळणार नाही. मीडिया पूलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, क्लिप ॲट्रिब्यूट्स, तिथे फ्रेमरेट २३.९७६ करा. टाइमलाइनवर टाकण्याआधी. ताणू नका, ताणलंत की दोन फ्रेम्स एकमेकींत मिसळून हात हलताना सावली दिसते.

चंदेरी:
आणि डीइंटरलेस करा, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेम्स जोडून घ्या.

कातरकाम:
नको! पालच्या सिनेमांत बहुधा अख्खी फ्रेम असते, डीइंटरलेसने उगाच तपशील जातो. एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धत) असती तर उलटा टेलिसिने करावा लागला असता, म्हणजे टीव्हीसाठी घातलेल्या जादा फ्रेम्स काढाव्या लागल्या असत्या. आधी एकेक फ्रेम पुढे करून बघा, कडांना दाते दिसले तरच विचार करा. आणि आवाजही डीव्हीडीचाच घ्या, ०.९५९ वेगाने. ब्लू-रेच्या आवाजात ग्रीडोची गोळी आहे, मूळ सिनेमात फक्त हान झाडतो.

जुनाप्रोजेक्टर:
आवाजाचं निघालंच आहे तर १९७७ चा मोनो मिक्स (एकाच चॅनेलचा आवाज) शोधा. थ्रीपीओ या रोबोचं ट्रॅक्टर बीमबद्दलचं (यान ओढून धरणारा किरण) वाक्य तेव्हाच्या स्टिरिओत नव्हतंच.

रीळवेडा:
जमलं! मागच्या खोट्या भिंतीवर खरवडणारी हानची बोटंसुद्धा आवाजाबरोबर हलतात. कातरकाम, मनापासून आभार. आता ब्लू-रेचा शॉट संपून डीव्हीडीचा सुरू होतो तिथे चित्र एकदम मऊ पडतं आणि ग्रेन (फिल्मचे बारीक कण) गायब होतो. काय करू?

कातरकाम:
दोन्ही शॉट्सची एकेक फ्रेम इथे टाका. या वेळी रिझोल्यूशन आणि क्रॉप (कडा किती कापल्या) यांसकट.