अमाइनमध्ये सच्छिद्र पॉलिमर : 'प्रश्न सुटला' म्हणणाऱ्यांसाठी

द्रावणी : 'धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या अमाइनच्या द्रावणात सच्छिद्र पॉलिमरची पूड घाला, वायू झपाट्याने शोषला जातो, प्रश्न सुटला' अशी पोस्ट फिरतेय. वाचून राहवलं नाही. ३० टक्के एमईएमध्ये (मोनोइथेनॉलअमाइन, नेहमीचं अमाइन) अभिक्रिया इतकी जलद असते की वायू पृष्ठभागालगतच्या थरातच संपतो. पूड म्हणे छिद्रांत वायू भरून द्रवाच्या आत नेते; पण इथे ने-आण कशाची करणार? खर्च बसतो स्ट्रिपरमध्ये, म्हणजे द्रावण तापवून वायू परत काढतात तिथे, १२० अंशांना, टन कार्बन डायऑक्साइडमागे साडेतीन-चार गिगाज्यूल. शोषणाच्या वेगाने त्यात काडीचा फरक पडत नाही.

मंदगती : पडतो! शोषणाचा टॉवर तोच ठेवून वेग वाढला की रिच लोडिंग (टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या द्रावणात मुरलेला वायू) वाढतं, मग टनामागे कमी द्रावण तापवावं लागतं. आणि एमईएच का धरून बसायचं? पोटॅशियम कार्बोनेट बघा. अभिक्रियेची उष्णता निम्म्याहून कमी, ऑक्सिडेशनने खराब होत नाही. मुख्य दोष मंदपणा. पूड उपयोगी आहे ती तिथे. फक्त कण द्रवाच्या थरापेक्षा बारीक हवा, आणि हा थर दहा-वीस मायक्रॉनचाच असतो.

फिल्टरवाला : आणि तुमचा कण १० मायक्रॉनच्या फिल्टर कार्ट्रिजमध्ये अडकणार, ते? फिल्टर काढला तर गंज आणि काजळी प्लेट एक्स्चेंजरमध्ये (उष्णता अदलाबदलीच्या पट्ट्यांत) जाऊन बसते. वर जलविरोधी बारीक कण फेस पक्का करतात. फेस चढला की टॉवरचा प्रेशर ड्रॉप वाढतो, द्रावण वायूबरोबर वर वाहून जातं. याचा विचार केलाय का?

मंदगती : फेस मारणारा अँटिफोम असतो की.

फिल्टरवाला : सिलिकॉन अँटिफोम त्याच जलविरोधी छिद्रांच्या तोंडाशी जाऊन बसतो! छिद्रं कोरडी राहिली तरच त्यांत वायू शिरणार ना?

मंदगती : मग पॉलिमर टॉवरमधल्या पॅकिंगवरच (द्रावण ज्यावरून पसरत उतरतं ते भरण) चिकटवा.

द्रावणी : चिकटवलेला कण थरातून आत-बाहेर फिरत नाही. ने-आणीचा मुद्दाच संपला. उरतं काय, पृष्ठभाग नीट भिजण्याऐवजी जलविरोधी पॅकिंग, म्हणजे उलट तोटा.

छिद्रमापक : भांडण्याआधी प्रयोग कसा केलाय ते बघा. ढवळलेल्या भांड्यात पूड टाकली की पृष्ठभागाचं क्षेत्रफळच बदलतं. तेवढ्याच आकाराचे, तेवढ्याच वजनाचे छिद्र नसलेले मणी घालून तुलना केली नसेल, तर वाढ छिद्रांमुळे आहे हे कशावरून? एस्टर किंवा अमाइड बंध असलेली पॉलिमरची जाळी गरम अमाइनमध्ये तुटते, तेही तपासा. कार्बन-कार्बन सांगाड्याचं हायपरक्रॉसलिंक्ड (साखळ्या एकमेकींना दाट जोडलेलं) पॉलिस्टायरीन त्या मानाने तग धरतं.

द्रावणी : रिच लोडिंगचा मुद्दा मान्य, 'काडीचा' शब्द मागे घेतो. पण एमईएत नाही, कार्बोनेटमध्येच. आणि छिद्र नसलेल्या मण्यांची तुलना दाखवल्याशिवाय पूड टॉवरमध्ये नको.

फिल्टरवाला : फेसाचं उत्तर अजून आलेलं नाही.