शब्दचर्चा : ‘कॅबरे’, ‘रिव्हायवल’ आणि ‘अतिरेकी’

पृच्छा : ‘कॅबरे’ हे अमेरिकी संगीत नाटक २०२१ साली लंडनमध्ये पुन्हा रंगभूमीवर आले. त्याविषयी लिहिताना ‘रिव्हायवल’साठी ‘पुनरुज्जीवन’ आणि नाटकातल्या राजकीय पार्श्वभूमीसाठी ‘वाढता अतिरेकीवाद’ असे शब्द योजले आहेत. ते योग्य आहेत का? शीर्षकाचे मराठीकरण करावे का?

उत्तर : शीर्षक तसेच ठेवावे, परंतु त्याचा अर्थ आरंभीच उलगडावा, कारण मराठी वाचकाला हा शब्द हिंदी चित्रपटांनी दिला आहे आणि तो ऐकताच हेलनचे नृत्य व खलनायकाचा अड्डा डोळ्यांपुढे येतो. जर्मन भाषेत ‘काबारेट’ म्हणजे मुख्यतः गाणी, नकला आणि चुटक्यांतून सत्ताधाऱ्यांची टर उडवणारा खेळ. बर्लिनच्या ‘काटाकोम्बे’ या मंचावर वेर्नर फिंक हेच करीत असे. नाझींनी १९३५मध्ये तो मंच बंद पाडून त्याला छळछावणीत धाडले. नाझींच्या उदयकाळातल्या बर्लिनमध्ये घडणाऱ्या या नाटकातल्या किट कॅट क्लबमध्ये हे दोन्ही अर्थ एकवटतात. सूत्रसंचालक गोरिलाच्या वेशातील प्रेयसीबरोबर नाचत आपल्या प्रेमाची कैफियत मांडतो, प्रेक्षक हसतात आणि शेवटच्या ओळीत ती ‘ज्यू’ वाटत नाही, असे म्हणून तो ते हसू प्रेक्षकांच्याच घशात अडकवतो. १९६६च्या मूळ प्रयोगात ही ओळ आक्षेपांमुळे बदलावी लागली होती.

‘पुनरुज्जीवन’ मृतप्राय गोष्टीचे होते. हे नाटक तसे कधीच नव्हते. आपल्या जाहिरातींतले ‘नव्या संचात’ सोपे आहे खरे, पण त्यातून केवळ नट बदलल्याचे कळते. दिग्दर्शक सॅम मेंडिस यांच्या १९९३च्या प्रयोगाच्या अखेरीस सूत्रसंचालक कोट उतरवतो आणि आत छळछावणीचा गणवेश, ज्यूंची खूण असलेला पिवळा तारा व समलिंगी कैद्यांची खूण असलेला गुलाबी त्रिकोण दिसतो. मूळ प्रयोगात हे नव्हते. म्हणून ‘नव्याने बसवलेले’ हा आपल्या तालमीतला शब्दच मला नेमका वाटतो.

पुरवणी : खरी अडचण ‘अतिरेकी’ या शब्दाची आहे. वर्तमानपत्रांमुळे त्याचा अर्थ आता बंदूकधारी असाच होतो, आणि नाझींना रस्त्यावरची गुंडगिरी वर्ज्य नसली तरी त्यांचे बळ मतपेटीतून वाढले : राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, १९२८ साली त्यांचे १२ सदस्य होते, सप्टेंबर १९३० मध्ये १०७ झाले. नाटकातली घरमालकीण फ्रॉइलाइन श्नायडर आणि ज्यू फळविक्रेता हेर शुल्त्स (अननस भेट देऊन प्रियाराधन करणारा हा गृहस्थ मराठी प्रेक्षकाला फार जवळचा वाटेल) यांच्या साखरपुड्याच्या समारंभात एर्न्स्ट लुडविग हा हसतमुख पाहुणा कोट काढतो, तेव्हा त्याच्या दंडावर स्वस्तिकाची पट्टी दिसते. या माणसाला अतिरेकी म्हटले, तर प्रसंगातली भीतीच निसटते. ‘नाझींचा वाढता जोर’ असे सरळ लिहावे.

आणखी एक, त्यातले भोळेभाबडे वाटणारे ‘उद्या आमचा’ या आशयाचे गाणे ‘नाझींचे गीत’ म्हणून नोंदवू नये. ते जॉन कँडर आणि फ्रेड एब या दोन ज्यू कलावंतांनी या नाटकासाठीच रचलेले आहे.