पोटातल्या लेकराच्या मेंदूच्या पेशी येतात कुठून? (वहिनीले तिसरा महिना)

सोयाबीन_पुसद:
आशाताई वहिनीले फोलिक ॲसिडच्या गोळ्या देऊन गेली. मी बीएस्सी सेकंड इयरले हाओ म्हणून सगळे मलेच विचारतात. नोट्समध्ये न्यूरल ट्यूब (गर्भातली नळी, जिच्यापासून मेंदू बनते) एवढंच हाये, पण नळीतून न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, होतात कसे? आजी म्हणते मेंदू सातव्या महिन्यात भरते, खरं काय?

झूलॉजीवाला_दर्यापूर:
भाऊ, तुह्या नावातच उत्तर हाये. नळीच्या भिंतीत आधी पेशींचा एकच थर असते, अन् त्या एकीच्या दोन, दोनीच्या चार होत रायतात, दोन्ही सारख्याच. म्हणजे पेरायचं नाही, निस्तं बियाणं वाढवायचं. मंग डाव बदलते, एक पेशी बियाणं म्हणून मागं रायते अन् दुसरी न्यूरॉन व्हायच्या वाटेला लागते. बियाणं लवकर संपलं तर मेंदू लहान. झिका वायरस याच बियाण्याच्या पेशींवर जाते, २०१५ मधी ब्राझीलात लहान डोक्याची लेकरं झाली थे त्याच्यानंच.

आता विहीर समज. तळाशी पाणी म्हणजे नळीच्या पोकळीतलं पाणी, अन् वरचा काठ म्हणजे भिंतीची बाहेरची बाजू. न्यूरॉन जन्मते थे पाण्याजवळच. त्या बियाण्याच्या पेशीले रेडियल ग्लिया म्हणतात, तिचा लांब धागा पार वरच्या काठापर्यंत जाते अन् नवा न्यूरॉन थो दोर धरून वर चढते. गंमत म्हणजे मागून आलेले आधीच्याईले ओलांडून वर बसतात (सगळ्यात पयला थर सोडून). एसटीत कोणी असं करू देईन का? मले तर हेच वाचून वेड लागलं होतं. वहिनीच्या पोटात हेच सुरू हाये सध्या.

नर्सताई_घाटंजी:
एक राहून गेलं. फोलिक ॲसिड ही नळी नीट बंद व्हायला लागते. नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, तवा कितीक बायकांना दिवस गेल्याचंही माहीत नसते, म्हणून ४०० मायक्रोग्रॅमची गोळी खरं तर दिवस राहायच्या आधीपासून पाहिजे. आता नळीचं काम झालं, तरी गोळी सोडू नका, पेशी वाढतच आहेत अन् नवा डीएनए बनायला फोलेट (फोलिक ॲसिड त्याचंच रूप) लागतेच. आजी अर्धी बरोबर आहे, मेंदूच्या बाहेरच्या थराचे (कॉर्टेक्सचे) बहुतेक न्यूरॉन पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत होऊन जातात, पण मेंदूच्या घड्या अन् पेशींच्या आपसातल्या जोडण्या शेवटच्या तीन महिन्यांत जोरात होतात.

सोयाबीन_पुसद:
आजीले अर्धी बरोबर म्हटलं तर मले जेवायले नाही भेटायचं 😄 पुढच्या महिन्यात लोहाच्या गोळ्या देतो म्हणे आशाताई, थ्या कश्या घ्यायच्या?

नर्सताई_घाटंजी:
रोज एक, १८० दिवस. त्यात फोलिक ॲसिड पण असते. चहासोबत नको, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत चालते.