मदत हवी आहे: रग्बीत पोरं भिडली तर रेफ्रीनं नेमकं काय करायचं?

मंडळी, इकडं परभणीत आमच्या पोरांचे सेव्हन्सचे (सात-सात जणांच्या रग्बीचे) मैत्रीचे सामने चालतात. रेफ्री मीच, दुसरं कोणी तयारच होत नाही. परवा रकच्या (जमिनीवरच्या बॉलसाठी दोन्हीकडची पोरं एकमेकांना रेटतात त्या) ढिगात कोणीतरी कॉलर धरली, समोरच्यानं बुक्की हाणली अन् बघता बघता कडेला बसलेली बदली पोरंही आत घुसली.

सेव्हन्समध्ये पिवळं कार्ड म्हणजे 2 मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यापुरता खेळ खलास, एवढं पाठ आहे. आपल्याला मिळालेली पेनल्टी उलटून मारल्यामुळं समोरच्यांकडं जाऊ शकते, हेही पोरांना बजावून झालंय. ऐकतंय कोण!

मला विचारायचंय ते असं, की मधे पडून सोडवायचं का जोरात शिट्टी मारून मागं सरायचं अन् नंबर टिपायचे? मधे पडलं की पहिला हात कोणाचा ते दिसतच नाही. टच जज (कडेच्या रेषेवरचा मदतनीस पंच) म्हणून उभा असतो तो कोणाचा तरी चुलता, त्याच्या शब्दावर लाल कार्ड काढावं का? दोघांनाही सारखंच कार्ड दिलं की 'आधी त्यानं मारलं' सुरू.

कबड्डीचे पंच असाल तरी सांगा. रविवारी पुन्हा सामना आहे, समोर तीच टीम.