टर्बाइनचं ब्लेड वितळत कसं नाही?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत कास्टिंगला आहे मी. मोठ्या गॅस टर्बाइनमधला गॅस १५०० अंशांच्या वर जातो आणि निकेलचा मिश्रधातू त्याच्या आधीच वितळतो, मग ब्लेड टिकतं कसं भावांनो?

उत्तर १: ब्लेड आतून पोकळ असतंय. कॉम्प्रेसरची (टर्बाइनला दाबलेली हवा पुरवणारा भाग) थोडी हवाच आतल्या वळणावळणाच्या वाटांनी फिरवतात आणि बारीक भोकांतून बाहेर सोडतात, ती ब्लेडवर पातळ थर धरते. ती हवा पण ४००-५०० अंशांची असते बरं का, तरी त्या गॅसपुढं गारच.

उत्तर २: या वाटा सिरॅमिक कोर (पोकळीच्या आकाराचा आतला साचा) घालून ओततात, नंतर कोर कॉस्टिकनं (तीव्र अल्कलीनं) विरघळवून काढतात. लई नाजूक काम, कोर जरा सरकला की भिंत पातळ होऊन पीस रिजेक्ट.

उत्तर ३: सील, म्हणजे गॅसची गळती रोखणारा भाग, विसरू नका राव! बऱ्याच ठिकाणी ब्लेडच्या टोकासमोर पातळ पत्र्याची हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी) जाळी ब्रेझ केलेली, म्हणजे वितळवलेल्या भरण-धातूनं जोडलेली असते, टोक घासलं तर जाळी झिजते, ब्लेड वाचतं. टोक आणि जाळीतली फट वाढली की गॅस काम न करताच निसटतो.