मदत हवी आहे: बाटलीतला ढग आणि वाळपईचा पाऊस

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवते. पणजीपेक्षा सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वाळपईला पाऊस जास्त का पडतो, हे मुलांना प्रयोगातून दाखवायचं आहे. अरबी समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते: ढग बनेपर्यंत दर 100 मीटरला साधारण 1 अंश सेल्सिअस. मुलांना नेमकं हेच पटत नाही. "बाई, वर गेलं की सूर्य जवळ येतो ना?" हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

प्लास्टिकच्या बाटलीत थोडं कोमट पाणी घालून, अगरबत्तीचा जरासा धूर सोडून झाकण घट्ट लावते. बाटली दाबून सोडली की आत धुकं दिसतं, पुन्हा दाबलं की नाहीसं होतं. पण मुलं म्हणतात, तो धूरच आहे. धूर न घालता केलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण बाष्पाला थेंब धरायला सूक्ष्म कण लागतात. हे काम खऱ्या ढगांत समुद्राच्या मिठाचे कणही करतात.

धुराऐवजी दुसरं काय वापरता येईल? आणि दाब सुटताच हवा थंड होते हे थर्मामीटरवर दाखवता येईल का? आमचा साधा काचेचा थर्मामीटर तेवढ्या वेळात हलतच नाही. कोणी वर्गात करून पाहिलं असेल तर साहित्यासकट सांगा. प्रयोगशाळा छोटी आहे, पण मुलं फार उत्सुक आहेत.