शब्दचर्चा : स्पंजातील सूक्ष्मजीवांची ‘वसाहत’ की ‘समुदाय’?

प्रश्न (ऐरोली) : सागरी स्पंज या प्राण्यांविषयीच्या, मुलांसाठीच्या एका माहितीपत्रकाचे मुद्रितशोधन करताना ‘स्पंजाच्या शरीरातील सूक्ष्मजीवांच्या वसाहती’ असा प्रयोग आढळला. सिडकोमुळे ‘वसाहत’ हा शब्द आम्हां नवी मुंबईकरांच्या अंगवळणी पडला आहे. तरीही तो येथे खटकला. ‘समुदाय’ अधिक योग्य ठरेल का?

उत्तर (नौपाडा, ठाणे) : ‘समुदाय’च लिहावे. सूक्ष्मजीवशास्त्रात वसाहत म्हणजे पोषक माध्यमावर बहुधा एकाच पेशीपासून वाढलेला, नुसत्या डोळ्यांना दिसणारा पुंजका. त्यातील सर्व पेशी एकाच कुळातील असतात. स्पंजात मात्र जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय सूक्ष्मजीव) यांचे अनेक गट एकत्र नांदतात. काही प्रकाशसंश्लेषण करतात, तर काही स्पंजाने टाकलेल्या अमोनियाचे ऑक्सिडीकरण करतात. सूक्ष्मजीवांची दाट वस्ती असलेल्या स्पंजांच्या एक घन सेंटीमीटर ऊतीत (शरीर ज्या पेशीसमूहांचे बनते त्यात) त्यांच्या १० कोटी ते १,००० कोटी पेशी असू शकतात. समुद्राच्या तेवढ्याच पाण्यात त्या साधारण १० लाख असतात. गंमत म्हणजे स्पंजातील बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील बशीत वाढतच नाहीत, त्यामुळे त्यांची ‘वसाहत’ अद्याप कोणी पाहिलेलीच नाही.

उत्तर (वाशी) : हे कारण मला अपुरे वाटते. आमच्या सेक्टरच्या वसाहतीत कोकणातले, घाटावरचे, परप्रांतातले असे सगळेच राहतात. सामान्य वाचकाला वसाहत म्हटल्यावर एक कूळ आठवणार नाही. माझी हरकत वेगळी आहे. वसाहत म्हटले की बाहेरून येऊन वसणे आले. स्पंजांच्या अनेक जातींत मात्र हे सूक्ष्मजीव अंड्यांतून किंवा डिंभांतून (अंड्यानंतरच्या पोहणाऱ्या बाल्यावस्थेतून) पुढील पिढीकडे जातात. काही पाण्यातूनही येत असतील, पण वारशाने आलेल्यांना वसाहतकरी कसे म्हणावे?

पूरक (नौपाडा, ठाणे) : आपली हरकत माझ्या कारणापेक्षा सरस आहे. मात्र ‘स्पंजात आढळणारा समुदाय’ असेही लिहू नये. स्पंज पाणी गाळून त्यातील जीवाणू खातो, म्हणून त्याच्या शरीरात भक्ष्य ठरलेले जीवाणूही आढळतातच. खाल्ले जाणारे आणि राहणारे हा भेद क्रियापदातच दिसला पाहिजे.

प्रश्नकर्ता (ऐरोली) : दोघांचेही आभार. ‘स्पंजाच्या ऊतींत राहणारा सूक्ष्मजीव-समुदाय’ अशी दुरुस्ती करत आहे. ‘ऊती’ या शब्दाला मुले अडखळतील, परंतु तेथे ‘मांस’ लिहिणे माझ्याच्याने होणार नाही.